सांध्याच्या कामासाठी हातकरवत कशी निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात सुतारकाम शिकणारी मुलं, आणि घरच्या घरी पाट, स्टूल, देव्हारा, छोटं कपाट करू पाहणारी मंडळी करवतीबद्दल जे विचारतात ते इथं एकत्र केलं आहे. उत्तरं देताना सागवान, बाभूळ, कडुलिंब आणि पॅकिंगचं पाइन ही आपल्याकडं मिळणारी लाकडं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. परदेशी व्हिडिओंत बहुतेक वेळा मऊ किंवा मध्यम कठीण लाकूड कापताना दाखवतात. ते पाहून घेतलेली करवत बाभळीवर टिकतेच असं नाही.

घरात मोठी करवत आहे. सांध्यासाठी वेगळी कशाला?

मोठी करवत फळी तोडायला, ओंडका लहान करायला असते. तिचे दात मोठे, पातं लांब आणि मोकळं. कापलेली बाजू खडबडीत राहिली तरी पुढं रंधा मारायचाच असतो, त्यामुळं बिघडत नाही. सांध्यात तसं नसतं. कुसवाची (दुसऱ्या लाकडाच्या भोकात शिरणाऱ्या जिभेची) बाजू किंवा डोव्हटेलचा (पारव्याच्या शेपटीसारखे भाग एकमेकांत अडकवणाऱ्या सांध्याचा) काप करवतीनं जसा सोडला तसाच समोरच्या लाकडाला जाऊन भिडतो. तिथं अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झालं की सांधा एकतर बसत नाही, नाहीतर ढिला राहतो आणि मग माणूस फेविकॉल आणि भुशानं फट बुजवतो.

म्हणून सांध्याच्या करवतीला वरच्या कडेवर पितळेची किंवा लोखंडाची जाड पट्टी बसवलेली असते. तिला आपण पाठ म्हणू. पाठीनं पातं ताठ राहतं, आणि ताठ राहतं म्हणून ते पातळ करता येतं. पातळ पात्याची चीर अरुंद असते, जोर कमी लागतो आणि रेघ नीट दिसते. दुकानात अशा करवतीला सरसकट ‘टेनन सॉ’ म्हणतात, मग ती आठ इंची असो की चौदा इंची.

उभ्या कापाची आणि आडव्या कापाची करवत वेगळी असते म्हणजे नेमकं काय?

हा एक प्रश्न नीट समजला की बाकीची अर्धी निवड आपोआप होते, म्हणून इथं थोडं थांबू.

लाकडाचे रेषे झाडाच्या उंचीच्या दिशेनं जातात. रेष्यांच्या दिशेनं कापणं हा उभा काप, रेषे तोडत कापणं हा आडवा काप. उभ्या कापाच्या करवतीचा दात समोरून सरळ घासलेला असतो. त्याचं टोक म्हणजे एक बारीक पटाशीच, म्हणजे लाकूडकामाची छिन्नी. ते रेषे खरवडून, उचलून काढतं. या दाताची पुढची बाजू जवळजवळ उभी असते, फार तर पाच-आठ अंश मागं झुकलेली.

आडव्या कापाचा दात एकाआड एक उलटसुलट तिरका घासलेला असतो. त्यामुळं त्याच्या कडेला चाकूसारखी धार येते. तो आधी चिरेच्या दोन्ही कडांवरचे रेषे कापतो, मग मधला भुसा बाहेर पडतो. हा तिरकेपणा साधारण पंधरा ते पंचवीस अंशांचा असतो आणि दात मागंही जास्त झुकलेला असतो.

उभ्या कापाची करवत आडवी चालवली तर कापते, पण मागच्या बाजूनं रेषे फाटतात. आडव्या कापाची करवत उभी चालवली तर ती हळू चालते, भुसा अडकतो आणि रेघ सोडून भटकते. दुसरा त्रास जास्त वाईट आहे.

आता सांध्यांकडं बघा. कुसवाच्या दोन मोठ्या बाजू उभा काप. डोव्हटेलच्या शेपट्या आणि खुंट्या जवळजवळ सगळा उभा काप. आडवा काप लागतो कुसवाच्या खांद्याला, म्हणजे कुसू जिथं सुरू होतो त्या पायरीला, आणि पाटाखालच्या आडपट्टीसाठी फळीत आडवी खाच पाडताना. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त टेनन सॉला बहुधा आडव्या कापाचे दात असतात, आणि घेणारा तिनं कुसू कापत बसतो. करवत वाईट नसते, कामाची दिशा चुकलेली असते.

एकच घ्यायची असेल तर कोणती घ्यावी?

बारा इंची, पाठ असलेली, इंचाला बारा-तेरा दातांची, उभ्या कापाची. मी हेच सांगतो आणि ठामपणे सांगतो. बारीक दाताची उभ्या कापाची करवत आडवा कापही बऱ्यापैकी स्वच्छ देते. खांद्याची रेघ पेन्सिलीऐवजी धारदार चाकूनं गुण्याला (काटकोनाच्या पट्टीला) लावून मारली आणि रेघेच्या टाकाऊ बाजूनं पटाशीनं बारीक उतार काढला, तर करवत त्या खोबणीत बसते आणि दिसणारी कड फाटत नाही.

उभ्या कापाची तयार मिळाली नाही तर आडव्या कापाची, मऊ दातांची घ्या आणि दात सरळ घासून घ्या. दात मऊ आहेत की कडक ते कसं ओळखायचं, ते खाली आहे.

दुसरी आणि तिसरी कधी घ्यावी?

पहिलीवर हात बसल्यावर. खण, पेट्या, मसाल्याचे डबे जास्त करत असाल तर दुसरी म्हणून आठ-दहा इंची डोव्हटेल करवत, पंधरा ते अठरा दातांची. चौकटी, खाटा, टेबलं करत असाल तर आधी चौदा-सोळा इंची मोठी टेनन सॉ, दहा-अकरा दातांची. खांद्यांचं काम रोज असेल तर आडव्या कापाची बारा-चौदा दातांची वेगळी ठेवावी. तिघी एकदम घेऊन तिघींनाही धार नसण्यापेक्षा एक चांगल्या धारेची बरी.

दात मोजायचे कसे? दुकानदार एक सांगतो, पाकिटावर दुसरंच असतं.

मोजण्याच्या दोन पद्धती आहेत म्हणून हा घोळ होतो. इंचभर अंतरात किती पूर्ण दात बसतात ते एक मोजमाप, आणि दोन्ही टोकांची टोकं धरून किती टोकं येतात ते दुसरं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा नेहमी एकानं जास्त. म्हणजे बारा दातांची करवत तेरा टोकांची. पट्टीचा शून्य एका दाताच्या टोकावर ठेवा आणि २५.४ मिलिमीटरपर्यंतच्या खाचा मोजा. तो दातांचा आकडा. इथं सगळीकडं दातांचाच आकडा दिला आहे.

आपल्याकडच्या लाकडांना किती दात योग्य?

सागवान रेषेला सरळ आणि कापायला प्रेमळ, पण त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. त्यामुळं धार लवकर जाते. किनवट-माहूरकडचं सागवान असो की बाहेरून आलेलं, हा गुण दोन्हींत आहे. सागासाठी मधले दात घ्या आणि कानस जवळ ठेवा.

बाभूळ हे आपल्या शिवारातलं खरं कामाचं लाकूड. बैलगाडीपासून तिफणीपर्यंत सगळं त्यावर उभं राहिलं. सागापेक्षा जड आणि कठीण, रेषे बरेचदा एकमेकांत गुंतलेले. अगदी बारीक, सतरा-अठरा दातांची करवत जाड बाभळीत घातली तर दातांमधल्या खाचा भुशानं भरतात आणि करवत नुसती घासत राहते. दोन इंच जाडीच्या बाभळीला दहा-बारा दात पुरे, आणि दात थोडा जास्त मागं झुकवून घासलेला असावा म्हणजे अडखळत नाही. वाळलेली बाभूळ आणि ओली बाभूळ यांत दिवसरात्रीचा फरक आहे. जमलं तर जाड काप थोड्या ओलसर लाकडावर घ्या, पण सांधा मात्र वाळल्यावरच.

कडुलिंब मधल्या कठीणपणाचा, पण रेषा उलटसुलट जाते. धार चांगली असली की त्रास नाही.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसीत पॅलेटचं आणि पेट्यांचं पाइन स्वस्तात मिळतं. शिकायला ते उत्तम. मऊ असल्यानं कोणतीही करवत चालते, मात्र बोथट करवत त्यात रेषे चिरडते. पाइनमध्ये स्वच्छ काप येत असेल तर तुमची धार खरंच चांगली आहे. खिळे मात्र आधी शोधा.

माळवदाच्या जुन्या तुळया, खांब मिळाले आहेत. त्यांवर चांगली करवत चालवावी का?

चालवावी, पण शेवटी. जुन्या माळवदाच्या घरांत खांब, तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर लाकडाचा थर आणि वर मातीचा जाड थर असे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानं जड छप्पर आणि दगडमातीच्या भिंती किती घातक ठरतात ते लातूर-धाराशिवच्या गावांनी सोसलं. आज कुठंही जुना वाडा उतरवला की असं लाकूड विक्रीला येतं, आणि त्यात अनेकदा आता विकत न मिळणाऱ्या प्रतीचा साग असतो.

या लाकडात तीन गोष्टी दडलेल्या असतात: हातानं घडवलेले लोखंडी खिळे, भेगांत बसलेली माती आणि चुन्याचे थर. तिन्ही दात खातात. आधी तारेच्या ब्रशनं आणि पाण्यानं धुऊन वाळवा. मग ताकदवान चुंबक सगळीकडून फिरवा. खिळा गंजून काळा डाग पडलेला दिसतो, तिथं विशेष बघा. आडवेतिडवे पहिले काप जुन्या किंवा स्वस्त करवतीनं घ्या, बाहेरचा पापुद्रा रंधून काढा आणि आत स्वच्छ लाकूड लागल्यावरच सांध्याची करवत हातात घ्या. एवढी मेहनत त्या लाकडाला शोभते. पन्नास-शंभर वर्षं वाळलेला साग पुढं फारसा हलत नाही, सांधा वर्षानुवर्षं तसाच राहतो.

जपानी करवत घ्यावी का? ओढून कापते, फार सोपी असते म्हणतात.

खरंच सोपी असते. ओढताना पातं ताणलं जातं, वाकत नाही, म्हणून ते ०.३ मिलिमीटरइतकंही पातळ ठेवता येतं. पाठ असलेली ती दोझुकी. दोन्ही कडांना दात असलेली, एका बाजूला उभ्या आणि दुसऱ्या बाजूला आडव्या कापाचे, ती र्‍योबा. जमिनीवर बसून, पायानं लाकूड धरून काम करणाऱ्याला ओढायची करवत आपलीशी वाटते, कारण त्या बसण्यात ढकलायला अंगाचा जोर मिळत नाही.

अडचण दातांची. ते लांब, बारीक आणि बहुतेक आधुनिक करवतींत विजेच्या झटक्यानं कडक केलेले असतात. ते सुगी, हिनोकी यांसारख्या मऊ लाकडांच्या देशातले आहेत. सागाच्या अर्धा इंची फळीत डोव्हटेल कापायला दोझुकी छान. बाभळीच्या गाठीत ती घातली की दात तुटतो, आणि कडक दाताला आपली कानस लागत नाही. मग पातंच बदलावं लागतं, ते ऑनलाइन मागवावं लागतं. पातळ सागात आणि पाइनमध्ये काम असेल तर जरूर घ्या. बाभळीचं काम असेल तर ढकलायचीच घ्या.

दातांच्या टोकाला निळसर-काळी झाक असलेली करवत चांगली की वाईट?

ती झाक म्हणजे दात कडक केल्याची खूण. अशा दातांची धार बराच काळ टिकते, पण गेली की गेली. कानस वरून घसरते, कापत नाही. शंका असेल तर मुठीकडच्या शेवटच्या दातावर कानशीचा एक हलका हात मारून बघा, अर्थात करवत विकत घेतल्यावर. घासला गेला तर मऊ.

प्लायवूड, एमडीएफ, जुन्या चौकटी आणि खिळ्यांची भीती असलेलं लाकूड यांसाठी कडक दातांची करवत ठेवा. प्लायमधला गोंद आणि एमडीएफ चांगली धार पाहतापाहता खातात, तिथं धार लावण्याजोगी करवत वाया घालवू नये. सांध्याच्या मुख्य करवतीचे दात मात्र मऊ हवेत.

हॅकसॉनं सांधे कापले तर?

गावाकडं हॅकसॉ प्रत्येक घरात असतो, म्हणून हा प्रश्न सारखा येतो. त्याच्या ब्लेडला इंचाला अठरा, चोवीस किंवा बत्तीस दात असतात, धातूसाठी बनवलेले, आणि कितीतरी ब्लेडांचे दात लाटेसारखे डावी-उजवीकडं वळवलेले. लाकडात ते लगेच भरतात. अर्ध्या इंचाच्या पट्टीवर खांदा कापायचा, तर अठरा दातांचं नवं ब्लेड चालून जातं. दीड इंच खोल कुसू कापायला बसलात तर हात भरून येतील आणि काप वाकडा जाईल. नवीन ब्लेडांवर सारखा खर्च करण्यापेक्षा साधी टेनन सॉ घेऊन तिला धार लावणं शहाणपणाचं.

दुकानात करवत हातात घेतल्यावर काय पाहायचं?

गंजगोलाईतलं दुकान असो की मोंढ्यातलं, उजेडात या. दातांची रांग डोळ्यासमोर धरून बंदूक रोखल्यासारखं लांबवर बघा. पातं सरळ दिसलं पाहिजे. जराही लाट दिसली तर ती परत ठेवा. पाठीमुळं पातं वाकलंय की काय तेही असंच दिसतं.

मग मूठ. तीन बोटं आत, पहिलं बोट पात्याच्या दिशेनं सरळ पुढं. मूठ तीन बोटांसाठीच बनवलेली असते; चौथं कोंबलं की मनगट वळतं आणि करवतही वळते. प्लास्टिकची मूठ तिच्या धारदार कडांमुळं टोचते. लाकडी असेल तर घरी नेऊन कडा पॉलिश पेपरनं गोल करून घेता येतात. स्क्रू घट्ट आहेत ना, पाठ हलत नाही ना, एवढं बघा.

दातांची चमक, पात्यावरचा लेप, खोक्यावरचं चित्र यांकडं लक्ष देऊ नका. नव्या करवतीची धारही फार मनावर घेऊ नका. कारखान्यातून आलेली बहुतेक स्वस्त करवत एकदा घासावीच लागते. पातं सरळ, मूठ हाताला बसणारी आणि दात मऊ, या तीन गोष्टी जमल्या की बाकी तुम्ही करू शकता.

पाठीखाली किती खोली हवी?

जेवढा खोल काप, त्याहून थोडी जास्त. डोव्हटेलला दीड-दोन इंच पुरे. स्टूल-खुर्चीच्या कुसवाला तीन इंच भरपूर. दाराच्या चौकटीत मात्र चार-पाच इंचांचा आरपार कुसू असतो, तिथं पाठ लाकडावर आपटते. तिथं पाठ नसलेली आठ-नऊ दातांची उभ्या कापाची करवत वापरा. जुने मिस्त्री चौकटी बिनपाठीच्या करवतीनंच कापत आले. एका बाजूनं कोपऱ्यापासून तिरका काप, मग लाकूड फिरवून दुसऱ्या बाजूनं तिरका काप, आणि शेवटी मधला उरलेला त्रिकोण सरळ. दोन्ही बाजूंच्या चिरा करवतीला वाट दाखवतात.

करवत सारखी एका बाजूला पळते. माझा हात वाईट आहे का?

आधी करवत तपासा. ज्या बाजूचे दात जास्त झुकलेले किंवा जास्त धारदार असतात, करवत त्या बाजूला ओढली जाते. टाकाऊ तुकड्यावर गुण्यानं सरळ रेघ मारून, जोर न लावता, करवतीच्या स्वतःच्या वजनानं कापा. तीन-चार वेळा करून प्रत्येक वेळी एकाच बाजूला गेली तर दोष दातांत आहे. ज्या बाजूला पळते त्या बाजूच्या दातांच्या अंगावरून बारीक धारेचा दगड सपाट धरून एकदाच हलका फिरवा. पुन्हा कापून बघा. एकदम दोन-चार हात फिरवू नका.

कधी डावीकडं, कधी उजवीकडं जात असेल तर हात आणि उभं राहणं बघा. खांदा, कोपर आणि करवत एका सरळ रेषेत यायला हवेत. मूठ आवळली की करवत पिळली जाते.

धार घरी लावता येते का? पूर्वी धार लावणारे सायकलवर यायचे, आता कोणी येत नाही.

येते, आणि शिकलीच पाहिजे. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. धार लावता आली की साधी करवत महागड्या करवतीइतकं काम देते. लावता आली नाही तर महागडी करवतही काही महिन्यांत लाकूड चिरडायला लागते.

लागतं काय? तीनधारी कानस, जिचे तिन्ही कोन साठ अंशांचे असतात. मोठे दात असतील तर मोठी, बारीक असतील तर चार इंची अगदी सडपातळ. कानशीची एक बाजू दाताच्या उंचीच्या निदान दुप्पट असावी, म्हणजे फिरवून तिन्ही कडा वापरता येतात. दोन सरळ लाकडी पट्ट्या, ज्यांत पातं दातांच्या थोडं खाली घट्ट धरता येईल, आणि शिकंजा. शिकंजा नसेल तर खाटेच्या माच्याला सी-क्लॅम्पनं पट्ट्या आवळा.

आधी सपाट कानस दातांच्या टोकांवरून लांबीच्या दिशेनं हलकी फिरवा. प्रत्येक टोकावर चमकणारा बारीक ठिपका दिसला की सगळे दात एका पातळीत आले. मग मार्करनं दात काळे करा. उभ्या कापासाठी तीनधारी कानस पात्याला काटकोनात, आडवी धरून, दोन दातांमधल्या खाचेत ठेवा आणि पुढं ढकला. मागं आणताना उचला. प्रत्येक खाचेत तेवढेच हात. चमकणारा ठिपका नुकता नाहीसा झाला की थांबा. त्याहून एक हातही जास्त नको, नाहीतर तो दात बुटका राहील. कानशीच्या टोकाला एक छोटा लाकडी ठोकळा खोचून त्यावर कोनाची रेघ मारली की कानस प्रत्येक वेळी त्याच झुकावात राहते.

आडव्या कापाला कानस तिरकी धरून एकाआड एक खाचा घासतात, मग करवत उलटी फिरवून उरलेल्या. म्हणून शिकताना उभ्या कापाच्या करवतीवर शिका.

सागावर रोज काम असेल तर दोन-तीन आठवड्यांत हलकी धार लागते. दात बोथट झाल्यावर नाही, करवतीला जोर लावावासा वाटू लागला की लगेच लावा. तेव्हा प्रत्येक खाचेला एक-दोन हात पुरतात.

दातांना सेट किती द्यावा?

दात एकाआड एक डावी-उजवीकडं झुकवणं म्हणजे सेट. त्यानं चीर पात्यापेक्षा रुंद होते आणि पातं अडकत नाही. वाळलेल्या लाकडाच्या बारीक सांध्याला फार थोडा लागतो, प्रत्येक बाजूला ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर. ओल्या लाकडाला जास्त. आपल्याकडच्या बहुतेक नव्या करवतींना सेट गरजेपेक्षा जास्त असतो. चीर रुंद होते, करवत आत डुलते आणि सांधा ढिला होतो. जास्त सेट काढायला दोन्ही बाजूंना दगडाचा एक-एक समान हात द्या.

सेट द्यायचा असेल तर पक्कडसारखं सॉ-सेट मिळतं. दाताचा फक्त वरचा अर्धा भाग झुकवा. मुळापासून वाकवलात तर दात तुटतो किंवा पातं वाकतं. आधी सेट, मग धार.

डोव्हटेलच्या मधला टाकाऊ भाग कशानं काढायचा?

कोपिंग सॉनं. बारीक ब्लेड, धनुष्यासारखी चौकट. ब्लेड ताण देऊन घट्ट बसवा. तळाच्या रेघेपासून मिलिमीटरभर वर थांबा आणि उरलेलं पटाशीनं. बाभळीत पटाशीनंच सगळं काढणं जास्त वेगाचं होतं, असं माझं मत आहे.

पावसाळ्यात करवत गंजते. कोणतं तेल लावावं?

शिलाई मशीनचं तेल, फडक्यावर दोन थेंब घेऊन पातं पुसा. काम करताना पात्याला मेणबत्ती घासा, करवत लोण्यासारखी चालते आणि गंजही दूर राहतो.

करडईचं तेल मात्र लावू नका. आपल्या घराघरांत ते असतं म्हणून लोक लावतात. करडईचं तेल हवेत वाळून घट्ट होणारं आहे. त्याच गुणामुळं ते रंग-वार्निशात वापरतात, आणि पाटाला चोळायलाही छान. पण पात्यावर ते चिकट पिवळा थर धरतं, भुसा त्याला चिकटतो आणि करवत अडखळते. असा थर बसला असेल तर टर्पेंटाइननं पुसून काढा.

गंज बसलेलाच असेल तर बारीक पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून, तेल लावून, पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासा. दातांजवळ जपून. खड्डे पडलेले असतील आणि ते दातांच्या रांगेत असतील तर ती करवत सांध्याच्या कामाची राहिली नाही.

आजोबांची जुनी करवत सापडली आहे. ठेवावी की भंगारात द्यावी?

पातं सरळ असेल तर ठेवाच. शेफिल्डच्या किंवा १८४० मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेल्या डिस्टनच्या जुन्या करवतींचं पोलाद आजही कानशीला चांगला प्रतिसाद देतं. तशी नसली, साधी देशी असली, तरी मऊ दातांची आणि सरळ पात्याची जुनी करवत कडक दातांच्या नव्या करवतीपेक्षा सांध्याला उपयोगी. मूठ तुटली असेल तर कडुलिंबाची किंवा शिसवीची नवी कोरून बसवा. जुनी मूठ पुठ्ठ्यावर ठेवून तिचा आकार आधी उतरवून घ्या. दात तुटलेले असतील तर दोन-चार दातांसाठी अडू नका, लागोपाठ चार-पाच गेले असतील तर सगळी रांग घासून नवे दात पाडावे लागतात. ते पहिल्याच करवतीवर करायला जाऊ नका.

डावखुऱ्यांसाठी वेगळी करवत लागते का?

नाही. मूठ दोन्ही हातांना सारखीच असते. फक्त रेघेची बाजू बदलते: काप रेघेच्या डावीकडं घेतलात तर पात्यानं रेघ झाकली जात नाही.